वसतिस्थानाची निवड व सामाईक खर्च : जुन्नर–आंबेगाव प्रदेशाचा पुरावा

१

बेताच्या उत्पन्नाचे कुटुंब एक गाव सोडून दुसऱ्या गावी राहावयास निघते, तेव्हा ते काही गोष्टींचा हिशेब मांडते. जागेला किती पैसे पडतील, पाणी कोठून येईल, बाजार किती अंतरावर आहे, मुलांना शाळा कोणती मिळेल, दुखण्याखुपण्यात वैद्य जवळ आहे की नाही, हे प्रश्न त्यात येतात. शहरांची वाढ झाल्यावर व उपनगरे निर्माण झाल्यावर हा हिशेब सुरू झाला, अशी सामान्य समजूत आहे. इतिहासग्रंथांनीही ती अप्रत्यक्षपणे दृढ केली आहे. राजधानी एका स्थळावरून दुसऱ्या स्थळी गेल्याची नोंद त्यांत सापडते. परंतु त्या राजधानीमागोमाग गेलेल्या किंवा मागे राहिलेल्या कुटुंबांनी कोणता विचार केला असेल, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, तेथून उगम पावणाऱ्या कुकडी, मीना, पुष्पावती व घोड या नद्या, आणि पूर्वेस उतरत जाणारा कमी पावसाचा मैदानी भाग अशी या प्रदेशाची रचना आहे. कोकणातील बंदरांकडे जाणारा नाणेघाट पश्चिमेस आहे, तर पुणे–नाशिक रस्ता पूर्वेच्या बाजूने जातो. या दोन वाटांच्या दरम्यान गेली दोन हजार वर्षे वस्ती सरकत आली आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे : या प्रदेशात सामान्य कुटुंबास परवडलेली जागा ही केवळ कमी किमतीची जागा नव्हती. जेथे पाणी, वाट, बाजार व संरक्षण यांचा सामाईक खर्च अन्य कोणी, म्हणजे श्रेणीने, राजसत्तेने, गावकीने अथवा नगरपालिकेने, अगोदर उचलला होता, तीच जागा त्यास परवडली. हा खर्च जेथे नव्या वसाहतकऱ्याच्याच माथी पडला, तेथे फुकट मिळालेली जागाही महाग ठरली.

२

या प्रतिपादनाचा सर्वांत जुना पुरावा जुन्नरभोवतालच्या लेण्यांतील शिलालेखांत आहे. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी व तुळजा या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. नाणेघाटातील नागनिकेच्या लेखावरून या वाटेशी सातवाहन राजकुलाचा असलेला निकट संबंध सर्वश्रुत आहे. येथे विचार करावयाचा तो राजकुलाचा नव्हे, तर दाने देणाऱ्या सामान्य लोकांचा.

जुन्नरच्या लेखांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. वेळूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख दुसऱ्या एका लेखात येतो. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी खोदविली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या वर्ष ४६ च्या लेखातही टाके व मंडप यांचेच दान आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील लेखात कल्याणच्या सुवर्णकाराच्या पुत्राचे नाव आढळते. म्हणजे घाटाखालच्या बंदरातील कुटुंबाचा संबंध घाटावरील या नगराशी जडला होता.

ही टाकी भिक्षुसंघासाठी होती, नगरवासीयांच्या घरगुती उपयोगासाठी नव्हती, हे लक्षात ठेवणे अवश्य आहे. तथापि, एका माणसास न झेपणारे काम अनेकांनी मिळून करावयाचे, आणि अशा कामात पाण्यास अग्रस्थान द्यावयाचे, ही त्या समाजाची रीत होती, एवढा निष्कर्ष त्यांवरून निश्चितपणे काढता येतो. त्याहून महत्त्वाचा लेख अदुथुम नावाच्या शकाचा आहे. कोणाचिक येथील श्रेणीशी त्याचे नाव जोडलेले असून करंजाच्या झाडांजवळील वीस व वडाजवळील नऊ निवर्तने भूमी त्याच्या दानात आहे. नावावरूनच जो परका ठरतो, अशा माणसास या प्रदेशात भूमी धारण करता येत होती व एका संघटित समूहाचा आधारही मिळत होता, असे यावरून दिसते. शेजारच्या नाशिक येथील लेखांत ऋषभदत्ताने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे दोन हजार व एक हजार कार्षापणांच्या ठेवी व्याजाने ठेवल्याचे सांगितले आहे. श्रेणी ही अशा प्रकारे उद्योगाची संस्था होती आणि पेढीही होती. दूरदेशीच्या नवागतास अशा नगरात पाय रोवणे सोपे जावे, हे स्वाभाविक होय.

३

मध्ययुगात हा सामाईक खर्च मुख्यतः राजसत्तेकडे गेला. इ. स. १४९० मध्ये मलिक अहमदाने जुन्नर येथून निजामशाहीची स्थापना केली. परंतु अवघ्या चार वर्षांत, १४९४ मध्ये, त्याने सीना नदीकाठी भिंगारजवळ अहमदनगर वसविण्यास आरंभ केला. दौलताबाद जिंकण्याच्या दृष्टीने ते स्थळ सोयीचे होते. नव्या नगरास बाहेरून खापरी नळांनी पाणी आणण्यात आले. दरबाराशी ज्यांची उपजीविका बांधलेली होती, अशा कुटुंबांना नव्या नगरात जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. परंतु त्यांच्यासाठी पाणी व बाजार यांची तरतूद राजसत्तेने केली होती. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराच्या काळात जुन्नरास पुन्हा काही काळ राजधानीचे महत्त्व आले. पुढे त्याने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले, आणि तेथील प्रसिद्ध नहर हीच त्या नगराच्या वाढीस आधार झाली.

दरबार गेल्यावर जुन्नर ओस पडले नाही, ही गोष्ट विशेष नोंद घेण्याजोगी आहे. नाणेघाटाचा व्यापार चालू होता. कागद तयार करणाऱ्या कारागिरांची वस्ती येथे होती व जुन्नरी कागद दीर्घकाळ प्रसिद्ध होता. नगराजवळील हापूसबाग या नावात हबशी अमीरांची स्मृती आहे, आणि तेथील सौदागर घुमट व्यापारी संपत्तीची साक्ष देतो. कारागिरास राजवाड्यापेक्षा कच्चा माल, पाणी व गिऱ्हाईक यांची जवळीक अधिक मोलाची असते. ती जेथे टिकली तेथे तो टिकला.

अर्थात भरभराटीच्या नगरात राहण्याची किंमतही असे. १६३०–३२ च्या दुष्काळाने दख्खनची गावे ओस पाडली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नर लुटले, तेही येथील संपत्तीमुळेच. म्हणून वसतिस्थानाच्या हिशेबात संरक्षणाचे कलम त्या काळी पाण्याच्या खालोखाल होते.

ओसाड गाव अथवा नवी पेठ वसविण्यासाठी त्या काळी जी पद्धत रूढ होती, तिचा येथे विचार केला पाहिजे. सरकार कौल देई. कौल म्हणजे अभयाचे व सवलतीचे लेखी आश्वासन. नव्याने येणाऱ्या कुळास पहिली काही वर्षे धारा माफ असे किंवा नाममात्र असे, आणि पुढे तो दरसाल थोडथोडा वाढत जाऊन पूर्ण दरास पोहोचे. या चढत्या आकारणीस इस्तावा म्हणत. पेठ वसविणाऱ्यास शेटेपणाचे वतन मिळे. व्यापाऱ्यास जकातीत सूट, कारागिरास वेठबेगारीतून मुक्ती, अशा सवलतीही दिल्या जात. पुण्याच्या पेठा अशाच रीतीने वाढल्या. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणून शहरात हौद बांधले, तेव्हा त्या पाण्याच्या आश्रयाने वस्ती दाट झाली.

कौलाची पद्धत दयाबुद्धीतून निर्माण झाली नव्हती. ओसाड जमिनीपासून सरकारास उत्पन्न होत नव्हते, हे तिचे उघड कारण होते. परंतु तिच्यातील व्यवहारज्ञान खरे आहे. नव्या ठिकाणी पहिली तीन-चार वर्षे कुटुंबाचा खर्च वाढतो आणि उत्पन्न घटते. जमीन मशागतीस आलेली नसते, ओळखी जडलेल्या नसतात, उधारी मिळत नाही. नेमका हाच काळ इस्ताव्याने हलका केला.

४

एकोणिसाव्या शतकात वाटा बदलल्या. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला व १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली. पाठोपाठ थळघाटही रेल्वेने जोडला गेला. या दोन लोहमार्गांच्या मध्ये सापडलेल्या नाणेघाटाचा व्यापार क्षीण झाला. जुन्नरास १८६१ मध्ये नगरपालिका स्थापन झाली होती. जिल्ह्यातील अनेक मोठ्या गावांना जी सोय पुढे कित्येक दशके मिळाली नाही, ती येथे होती. असे असूनही १८८१ मध्ये १०,३७३ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ९,६७५ वर आली. नगरपालिका होती, परंतु उपजीविकेची वाट दुसरीकडे वळली होती. सामाईक सोयींपैकी एखादीच असून चालत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

ज्यांना गावी पुरेसे काम नव्हते, त्यांनी मुंबईची वाट धरली. जुन्नर, आंबेगाव, खेड व मावळ या तालुक्यांतील पुरुष मुंबईत डबे पोहोचविण्याच्या धंद्यात, भाजीबाजारात, गोदीत व गिरण्यांत शिरले. त्यांचे कुटुंब बहुधा गावीच राही. मुंबईत खोलीचे भाडे एकट्यास परवडणारे नव्हते. म्हणून एका गावच्या अनेकांनी मिळून एक खोली घ्यावयाची, पाळीपाळीने तेथे झोपावयाचे व खानावळीत जेवावयाचे, ही रीत घाटी व कोकणी कामकऱ्यांत रूढ होती. गावकीने मिळून उचललेला हा खर्च म्हणजे जुन्या श्रेणींच्या सामाईक कार्याचाच एक दरिद्री अवतार म्हणावा लागेल. त्यात छप्पर मिळे. बायकामुलांना मात्र जागा नव्हती.

बायकामुलांसह राहण्याची सोय यांपैकी अनेकांना पुष्कळ उशिरा झाली, आणि तीही संघटनेच्या बळावर. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालवर्गाच्या मजुरीस व कल्याणनिधीस कायदेशीर आधार मिळाला. १९७० मध्ये नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडको स्थापन झाली. पुढे १९८० व १९९० या दशकांत मुंबईचे घाऊक कृषिबाजार टप्प्याटप्प्याने वाशी–तुर्भे भागात हलले आणि कोपरखैरणे, घणसोली येथे माथाडी कामगारांची घरे झाली. बाजार, रस्ता व घर या तीन गोष्टी एकत्र आल्यावर गावी राहिलेले कुटुंब मुंबईच्या परिसरात आणणे शक्य झाले. मजूर तोच आणि कामही तेच होते. घराचा व बाजाराचा सामाईक खर्च कोणी उचलला, एवढाच यात फरक पडला.

५

स्वातंत्र्योत्तर काळात या दोन तालुक्यांचा गुरुत्वमध्य स्पष्टपणे पूर्वेकडे सरकला. जुन्नरचे प्रशासकीय महत्त्व कायम राहिले, परंतु बाजाराचे बळ नारायणगावाकडे गेले. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावी राहिली, परंतु मंचर मोठे झाले. नारायणगाव व मंचर ही दोन्ही गावे पुणे–नाशिक रस्त्यावर आहेत. त्याच रस्त्यावर कल्याण–अहिल्यानगर मार्ग जेथे छेदतो, तेथे आळेफाटा ही बाजारवस्ती वाढली. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पूर्वभागात ऊस व भाजीपाला आणला. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार राज्याबाहेरही प्रसिद्ध झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक शाळा खेडोपाडी विस्तारल्या. पुढे जुन्नर, ओतूर, मंचर व घोडेगाव येथे महाविद्यालये निघाली. अवसरी खुर्द येथे २००९ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे ज्या शिक्षणासाठी पूर्वी पुण्यास बिऱ्हाड करावे लागे, त्यातील बरेचसे घरून जाऊन-येऊन घेता येऊ लागले.

आज पश्चिम भागातील आदिवासी पाड्यांतून अथवा पुण्या-मुंबईच्या महागाईतून निघालेले कुटुंब या गावांपैकी एकाची निवड करते, तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रकारच्या जागा असतात. गावठाणातील अथवा मंजूर आराखड्यातील घर लहान व महाग असते. रस्त्यालगत शेताचे तुकडे पाडून विकलेला गुंठा स्वस्त असतो. शेतजमिनीचे असे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ मध्येच कायदा झाला होता, तरी हा व्यवहार थांबला नाही. अशा गुंठ्यावर पाण्यासाठी विंधनविहीर, सांडपाण्यासाठी शोषखड्डा, विजेसाठी खांब, मुलांच्या शाळेसाठी दुचाकी हा सर्व खर्च एकट्या कुटुंबास करावा लागतो. भोवताली ऊस असल्यास आणखी एक भय असते. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे, विशेषतः लहान मुले, बळी पडली. बिबट्यासाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र झाले, तरी उसाच्या कडेची एकटी घरे अद्याप निर्धास्त नाहीत. सतराव्या शतकात संरक्षणाचे जे कलम हिशेबात होते, ते अशा रीतीने दुसऱ्या रूपात परत आले आहे. स्वस्त गुंठ्याच्या किमतीत ही कलमे मिळविली, तर गावठाणातील लहान घर पुष्कळदा कमी खर्चाचे ठरते.

६

आतापर्यंत ज्यांनी स्वतः निवड केली त्यांचा विचार झाला. या प्रदेशात ज्यांची निवड दुसऱ्यांनी केली, असेही लोक आहेत. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. ज्या गावाचे नाव तालुक्याने धारण केले आहे, ते गावच आज पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे त्याचे अवशेष उघडे पडतात. विस्थापितांत महादेव कोळी समाजाची संख्या मोठी होती. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये कायदा केला व १९८६ आणि १९९९ मध्ये त्याच्या जागी नवे कायदे केले. ज्यांना धरणाचे पाणी मिळणार, त्यांच्या लाभक्षेत्रातील जमीन ज्यांचे गाव बुडाले त्यांना द्यावयाची, हे त्यांतील तत्त्व न्याय्य आहे. परंतु भातशेती, जंगलातील हिरडा व डोंगरउतारावरील पडकई यांवर जगलेल्या कुटुंबास पूर्वेकडील कोरडवाहू वा बागायती प्रदेश, परकी गावकी व रोखीचा व्यवहार यांत एकदम नेऊन ठेवणे, आणि त्यास इस्ताव्यासारखी चढती सवलत न देणे, याचा परिणाम उघड आहे. अनेकांनी जलाशयाच्या काठीच वर सरकून राहणे पसंत केले. पुढे ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी जलाशयातील मासेमारीची सहकारी व्यवस्था व पडकईची कामे उभी केली. या कार्यास २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा विषुववृत्त पुरस्कार मिळाला. सामाईक आधार निर्माण झाल्यावर तीच गैरसोयीची जागा राहण्याजोगी झाली, हे येथेही दिसते.

माळीण गावाची गोष्ट अधिक दारुण आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा कोसळून आंबेगाव तालुक्यातील हे गाव गाडले गेले. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकास गाव दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगास प्रथम वार्ता कळली. वाचलेल्यांसाठी आमडे गावाजवळ जागा घेऊन नवे गाव बांधण्यात आले व एप्रिल २०१७ मध्ये ते त्यांच्या स्वाधीन झाले. घरे पक्की होती. शाळा, रस्ते, पाणी यांची योजना होती. आपल्या शेतांपासून फार दूर जाऊ नये, ही ग्रामस्थांची इच्छाही राखली गेली होती. परंतु त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात भराव खचले, रस्त्यांना भेगा पडल्या आणि ज्यांनी एकदा डोंगर कोसळताना पाहिला होता, अशा कुटुंबांपैकी काहींना पुन्हा तात्पुरत्या निवाऱ्यात जावे लागले. नंतर दुरुस्त्या झाल्या. घर कुटुंबास विनामूल्य मिळाले होते. परंतु उतारावरच्या भरावाची मजबुती हा सामाईक खर्च पहिल्या पावसापूर्वी पुरता झालेला नव्हता, आणि त्याची किंमत रात्रीच्या झोपेच्या रूपाने त्यांनी दिली.

७

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. या प्रदेशात दरबार, घाटवाट, रेल्वे, रस्ता व कालवा यांच्या मागोमाग वस्ती सरकली. परंतु सामान्य कुटुंब तेथेच स्थिर झाले, जेथे पाणी, बाजार, संरक्षण व पुढील काळात शाळा, यांची जबाबदारी कोणीतरी सामाईकपणे घेतली होती. या चारांपैकी एखादीच गोष्ट असणे पुरेसे ठरले नाही. १८६१ नंतरचे जुन्नर त्याचे उदाहरण होय. नव्या ठिकाणची पहिली काही वर्षे सर्वांत कठीण असतात, हे कौल देणाऱ्या सत्ताधाऱ्यांना माहीत होते. आधुनिक पुनर्वसनात त्याची जाणीव अद्याप पुरेशी उतरलेली नाही.

गाव निवडू पाहणाऱ्या गृहस्थास या इतिहासातून एक व्यावहारिक कसोटी मिळते. जागेचा दर विचारण्यापूर्वी त्याने त्या गावातील सार्वजनिक नळ, गटार, शाळा व दवाखाना पाहावा, आणि तो शक्यतो पावसाळ्यात पाहावा. यांपैकी जे नसेल, ते त्यास स्वतःच्या पैशाने उभे करावे लागेल, आणि तो आकडा जागेच्या दरात मिळवूनच तुलना करावी. दुसऱ्याचे गाव निवडण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांना हीच कसोटी अधिक काटेकोरपणे लागू पडते. गृहस्थाची निवड चुकली तर तो पुढच्या वर्षी बिऱ्हाड हलवू शकतो. पुनर्वसित गावास ती मोकळीक नसते.